नर्सबाईंची वही : शेअर बाजाराचे थोडे शब्द



या सदरात आम्ही नेहमी रक्तदाब, साखर, गुडघे यांबद्दल लिहितो. या वेळी विषय पैशांचा आहे. नर्सला पैशांतले काय कळते, असे कोणी म्हणेल तर ते खरेच आहे. पण याच विषयात आम्ही एकदा चांगला मार खाल्ला आहे, आणि ज्याला एकदा ताप येऊन गेला त्याला तापाची लक्षणे जरा लवकर कळतात.

निमित्त असे झाले. आमच्या बिल्डिंगमधल्या एक बाई, वयाने आमच्याच बरोबरीच्या. गेल्या वर्षी त्यांचे मिस्टर वारले. कारखान्यात जन्मभर घाम गाळून साठवलेला पैसा बाईंच्या नावावर आला. पैसा आला की त्याचा वास लोकांना कसा लागतो देव जाणे! एका तरुणाचे फोन सुरू झाले. गोड बोलतो, दर वाक्याला 'गवेरेत, गवेरेत' करतो. म्हणतो, तुमचे पैसे बँकेत नुसते झोपलेत, आमच्याकडे द्या, दरमहा ठरलेला नफा, बुडण्याची भीती नाही. बाई कागद घेऊन आमच्याकडे आल्या. चहा झाला, चकल्या झाल्या, मग हळूच म्हणाल्या, "वाच ग जरा. मला हिब्रू बोलता येते, पण हे असले हिब्रू नाही कळत."

त्याच आठवड्यात आमची धाकटी नात आली. बारा वर्षांची झाली, बात मित्सवा झाली, म्हणून तिच्या आईने तिला तिच्या बचतीची फाईल दाखवली. बालमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, पण जानेवारी २०१७ पासून बितुआख लेउमी या देशातल्या प्रत्येक मुलाच्या नावाने दरमहा थोडे पैसे बाजूला टाकते. सुरुवातीला ते ५० शेकेल होते. आईवडील त्यात भर घालू शकतात. अठराव्या वर्षी आईवडिलांच्या संमतीने ते काढता येतात. हे पैसे बँकेत ठेवायचे की फंडात, हे आईवडील ठरवतात. नातीचे फंडात होते. ती २०२२ सालचा कागद घेऊन आमच्यासमोर उभी. "आजी, या वर्षी माझे पैसे कमी झालेत. कोणी घेतले?"

एक सत्तरीची, एक बारा वर्षांची, आणि प्रश्न एकच. तेव्हा वही काढली आणि शब्द एकेक करून लिहिले. तेच इथे देत आहोत.

शेअर, म्हणजे आपल्या इथल्या भाषेत मनाया. आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत, हे आपण मुलांना सांगतोच. समजा, खापरपणजोबांना नवा घाणा आणि बैल घ्यायला शंभर रुपये हवेत. त्यांच्याकडे नाहीत. गावातल्या दहा जणांनी दहा-दहा रुपये दिले आणि ठरले, की घाण्यात प्रत्येकाचा दहावा हिस्सा. हा हिस्सा म्हणजेच शेअर. हिस्सेदार घाण्याचा मालक आहे, तसाच घाण्याच्या नशिबाचाही. तेल खपले तर त्याचे भले. बैल मेला तर त्याचेही नुकसान. पैसे परत देण्याचे वचन त्याला कोणी दिलेले नाही.

लाभांश, म्हणजे डिव्हिडंड. वर्षअखेर घाण्याला वीस रुपये नफा झाला आणि सगळा वाटायचे ठरले, तर प्रत्येकाला दोन-दोन रुपये. पण खापरपणजोबा म्हणाले की या वर्षी नवा बैल घेऊ या, तर लाभांश नाही. खोबरेच आले नाही, तर वाटायलाच काही नाही.

भाव. दहांपैकी एकाच्या मुलीचे लग्न निघाले, त्याला पैसे हवेत. घाणा चांगला चालतो हे पाहून शेजारी बारा रुपये द्यायला तयार झाला. झाला भाव बारा! घाण्याच्या पेटीत यातला एक पैसाही गेला नाही, नुसता हिस्सा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. शेअर बाजार म्हणजे असे हिस्से विकणारे आणि घेणारे जिथे भेटतात ती जागा. मधे जो जुळवून देतो तो दलाल, आणि तो आपली दलाली घेतो. मुंबईत टाऊन हॉलसमोर वडाखाली हे दलाल जमत, पुढे १८७५ साली त्यांची रीतसर संस्था झाली. आमचे वडील फोर्टात कारकून होते. लहानपणी त्यांचे बोट धरून दलाल स्ट्रीटवरून जाताना आतला गलका ऐकू येई. आम्ही विचारले, "बाबा, आत भांडण चाललेय का?" ते म्हणाले, "नाही ग, भाव चाललाय." आता तो ओरडा नाही, सगळे कॉम्प्युटरवर. आपल्या तेल अवीवचा बाजार १९५३ सालचा, तिथेही आता तसेच.

रोखा, म्हणजे बाँड, हिब्रूत इगेरेत खोव. घाण्यात हिस्सा न घेता एखाद्याने खापरपणजोबांना दहा रुपये उसने दिले आणि वर्षाने अकरा घ्यायचे ठरवले, तर तो हिस्सेदार नव्हे, सावकार. तेल भरमसाट खपले तरी त्याला अकराच. पण घाणा बुडाला तर विकून आलेल्या पैशांतून आधी सावकाराचे देणे, मग उरले तर हिस्सेदारांचे. सरकारही असेच रोखे काढून लोकांकडून पैसे घेते. म्हणून रोख्यात जोखीम साधारण कमी, नफाही बेताचा. 'कमी' म्हटले, 'नाही' म्हटले नाही. रोखा मुदतीआधी विकायला गेलात तर त्याचाही भाव खाली आलेला असू शकतो.

मदद. हा शब्द आपल्या ज्येष्ठांना फार घोळात टाकतो. आपल्या कानाला मदद म्हणजे साहाय्य! पण हिब्रूतला मदद कोणाला मदत करत नाही, तो नुसता मोजतो. थर्मामीटरच म्हणा ना. बाजारातल्या काही ठरावीक कंपन्यांचे भाव एकत्र मोजले की बाजाराचा मदद, म्हणजे निर्देशांक. तेल अवीव ३५ मध्ये पस्तीस मोठ्या कंपन्या आहेत. २०१७ पर्यंत त्या पंचवीस होत्या. मुंबईच्या सेन्सेक्समध्ये तीस. पण रेडिओवर 'मदद वाढला' म्हणतात तो पुष्कळदा वेगळाच असतो, तो महागाईचा मदद. शेअरचा मदद वाढला तर शेअरवाले खूश. महागाईचा वाढला तर आपली भाजी महाग. ऐकताना कुठला मदद ते आधी विचारा.

तेजी आणि मंदी. भाव चढत राहिले तर तेजी, उतरत राहिले तर मंदी. इंग्रजीत आणि हिब्रूतही तेजीला बैलाचे नाव आणि मंदीला अस्वलाचे. बैल शिंगे खालून वर मारतो, अस्वल पंजा वरून खाली मारते, असे लक्षात ठेवा. चित्र काढायला सोपे आहे, बालमित्रांनी काढून पाठवावे.

फंड, म्हणजे केरेन. एकट्याने पन्नास कंपन्यांचे शेअर घेणे आपल्याला परवडत नाही. म्हणून हजारो लोकांचे पैसे एकत्र करून एक कंपनी ते शेअरमध्ये आणि रोख्यांत घालते. केरेन नेएमानुत, कुपत गेमेल, केरेन हिश्तालमुत ही सगळी त्याच घरातली भावंडे, नियम मात्र प्रत्येकाचे वेगळे. तुमच्याआमच्या पेन्शनचा पैसाही थोडाबहुत बाजारातच असतो. तेव्हा 'आमचा शेअर बाजाराशी काही संबंध नाही' असे म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनी एकदा आपला कागद उघडून पाहावा.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर इथेच होते. २०२२ साली जगभर शेअरही उतरले आणि रोखेही. तिचे पैसे कोणी घेतले नाहीत. तिच्या फंडाकडे जे हिस्से आहेत त्यांचा भाव त्या दिवशी कमी होता, इतकेच. पुढच्या कागदांत आकडा पुन्हा वर गेलेला होता, तो तिला दाखवला. तिला ते पैसे काढायला अजून सहा वर्षे आहेत. तिने चढउतार सोसला तरी चालेल. पण आमच्या शेजारणीला पुढच्या वर्षी मेतापेलेत ठेवावी लागली तर पैसे तेव्हाच हवेत. जोखीम, म्हणजे सिकून, ही फक्त वस्तूत नसते. पैसे आपल्याला कधी लागणार यावरही ती असते.

आता आमच्या मारहाणीची गोष्ट.

१९८३ साल. आम्ही अश्दोदला दोन खोल्यांच्या शिकूनमध्ये राहत होतो. तीन मुले, आमची रात्रपाळी, मिस्टर बंदरात कामाला. सासूबाई मुंबईहून कायमच्या यायच्या होत्या, म्हणून तीन खोल्यांचे घर घ्यायचे होते. महागाई वर्षाला शंभर टक्क्यांच्या वर. पगार हातात येईपर्यंत त्याचे पाणी होई. लोक टेलिफोनचे असिमोनसुद्धा साठवून ठेवत, कारण पैशापेक्षा त्यांची किंमत टिके. अशा वेळी बँकेतला ओळखीचा कारकून म्हणाला, बँकेचे शेअर घ्या. महागाईपेक्षा जास्त वाढतात आणि कधी उतरत नाहीत.

खरेच उतरत नव्हते. मिस्टर रोज पेपरात भाव बघत. रोज थोडा वर, रोज थोडा वर. आम्ही घराचे सगळे पैसे त्यात घातले. सगळे.

इथे नर्स म्हणून आमची आम्हाला लाज वाटते. वॉर्डमध्ये एकदा एका शिकाऊ मुलीने एका रुग्णाच्या तक्त्यावर तीन रात्री लागोपाठ ३७, ३७, ३७ लिहिले होते. आम्ही तिला बाजूला घेऊन विचारले, "थर्मामीटर लावलास का?" ती रडू लागली. जिवंत माणसाचा पारा थोडा तरी हलतो. हे आम्हाला वॉर्डात कळत होते, पण पेपरातला तो कधीच न उतरणारा भाव पाहून आमच्या मनात तोच प्रश्न आला नाही.

त्या न उतरण्याला नाव होते, विसूत. बँकाच आपले शेअर आडमार्गाने विकत घेऊन भाव वर धरून ठेवत होत्या. त्यासाठी कर्जेही काढत. बँकेचा धंदा कसा चालला आहे याच्याशी त्या भावाचा संबंध राहिला नव्हता. मग शेकेलची किंमत पाडणार अशी बोलवा उठली. लोक शेअर विकून डॉलर घ्यायला धावले. विकणारे इतके झाले की बँकांची घेण्याची ताकद संपली. तो गुरुवार, ६ ऑक्टोबर १९८३. सण नुकतेच संपले होते. त्यानंतर बाजारच बंद ठेवला, दोन आठवडे. पुढे सरकारने सांगितले की हे शेअर आम्ही डॉलरशी बांधलेल्या किमतीला विकत घेऊ, पण काही वर्षांनी. अशा रीतीने देशातल्या मोठ्या बँका सरकारच्या मालकीच्या झाल्या. न्यायमूर्ती बेइस्की यांच्या आयोगाने १९८६ साली सगळे उघड केले आणि मोठमोठ्यांना खुर्च्या सोडाव्या लागल्या.

आता तरलता हा शब्द सांगतो, हिब्रूत नेझिलूत. पैसा हवा तेव्हा हातात येतो की नाही, ही त्याची तरलता. आमचे पैसे बुडाले नव्हते. कागदावर होते. पण तेव्हा विकावे तर पडत्या भावाने, नाहीतर वाट पाहावी. आम्ही वाट पाहिली. सासूबाई आल्या त्या दोन खोल्यांतच. हॉलमध्ये घडीच्या खाटेवर झोपत. आम्ही रात्रपाळीहून आलो की त्या आधीच खाट मिटवून, चहा ठेवून बसलेल्या असत, आम्हाला पडायला जागा व्हावी म्हणून. कधी एक शब्द बोलल्या नाहीत. १९८७ साली त्याच हॉलमध्ये गेल्या. घराचे पैसे त्यानंतर हातात आले. तीन खोल्यांचे घर झाले, पण ज्या खोलीसाठी ते घेतले ती माणसाविना राहिली. आमचे मिस्टरही आता नाहीत. ती खोली ते नेहमी 'आईची खोली' म्हणत.

तो कारकून लबाड नव्हता. त्याच्या आईचे पैसेही त्यातच होते. त्याला वरून सांगितले ते त्याने आम्हाला सांगितले. म्हणून सांगतो, सांगणारा माणूस चांगला आहे यावरून वस्तू चांगली ठरत नाही.

एका गोष्टीने मात्र आम्ही वाचलो. शेअर घ्यायला कर्जही देतो, असे बँकेने म्हटले होते. मिस्टरांचे मन झाले होते. पण आमच्या वडिलांचे सांगणे होते की ऋण काढून सण करू नये. आम्ही अडून बसलो. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी ते कर्ज घेतले. शेअर अडकले, हप्ते मात्र चालू राहिले. त्यांना टॅक्सी विकावी लागली, आणि टॅक्सीवरच त्यांचे घर चालत होते.

आता दोन शब्द राहिले.

विभागणी, म्हणजे पिझूर. आम्ही इस्राएलला निघालो तेव्हा आईने वर्षाचा मसाला केला होता. तिने तो एका ट्रंकेत भरला नाही. तिन्ही ट्रंकांत थोडा थोडा घातला. एक ट्रंक बोटीवर भिजून आली. तरी वर्षभर आमच्या घरात मसाला होता. आईने शेअर कधी पाहिला नव्हता, पण पिझूर तिला आमच्यापेक्षा चांगले कळत होते.

व्यवस्थापनाचा आकार, म्हणजे दमेय निहुल. फंड सांभाळणारा दरवर्षी आपला वाटा कापून घेतो. नफा होवो की तोटा. एक टक्का ऐकायला काहीच वाटत नाही. पण हिशेब करा. १,००,००० शेकेल आहेत, दरवर्षी ४ टक्के वाढतात असे धरू. अर्धा टक्का कापला तर वीस वर्षांनी सुमारे १,९९,००० होतात. दीड टक्का कापला तर सुमारे १,६४,०००. एका टक्क्याचे ३५,००० शेकेल गेले! बाजार आपल्या हातात नाही, पण हा आकार थोडाफार आहे. फोन करून विचारले तर पुष्कळदा कमी करतात. विचारायला लाजू नका.

शेजारणीला आम्ही 'घे' किंवा 'घेऊ नको' सांगितले नाही. तो आमचा अधिकार नाही. चार प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून दिले. तुम्हीही कापून फ्रीजवर लावा.

एक : मी मालक होणार, की उसने देणार? म्हणजे शेअर की रोखा?

दोन : हे पैसे उद्या हवे असले तर मिळतील का? किती कापून?

तीन : दरवर्षी तुम्ही किती घेणार?

चार : तुमच्याकडे सल्ल्याचे किंवा पैसे सांभाळण्याचे सरकारी लायसन्स आहे का? ते रशूत निएरोत एरेखच्या यादीत आम्ही तपासू.

आणि कोणी म्हणाला की 'नफा ठरलेला, भीती नाही, पण सही आजच करा', तर पाचवा प्रश्न विचारायची गरजच नाही. फोन खाली ठेवा.

बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. सही अजून केलेली नाही. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "त्याला तिसरा प्रश्न विचारला, तर म्हणतो, नंतर सांगतो." एवढे म्हणून हसल्या. आम्हाला बरे वाटले.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी कोडे : १०० शेकेलचा एक शेअर ५० टक्के उतरला. दुसऱ्या वर्षी ५० टक्के चढला. आता त्याची किंमत किती? उत्तर १०० नाही, एवढेच सांगतो. कागदावर करा आणि मग आजी-आजोबांना समजावून सांगा. त्यांनाही ते कळायला हवे.

पुढच्या अंकात पुन्हा गुडघे. तोवर सर्वांना आरोग्य लाभो.

आपली,
नर्सबाई